मनाचा ताण, फवारणीचे विष आणि हृदयाचा ठोका

(यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादा धडधाकट माणूस अचानक गेला की आपल्याकडे लोक म्हणतात, "त्याने हाय खाल्ली." दुबार पेरणीही वाया गेली आणि हाय खाल्ली. पोराच्या अपघाताची बातमी ऐकली आणि हाय खाल्ली. धुऱ्यावरून भाऊबंदकीत भांडण झाले, तिथेच कोसळला, हाय खाल्ली. हा शब्द आपल्या वाडवडिलांनी निरीक्षणातून घडवला आहे आणि तो खोटा नाही. मनाला बसलेला धक्का हृदयापर्यंत पोचतो, हे विज्ञानानेही दाखवून दिले आहे.

परंतु या शब्दात एक धोका आहे. 'हाय खाल्ली' असे म्हटले की विषय तिथेच संपतो. त्या माणसाला आधीपासून रक्तदाब होता काय, त्या दिवशी त्याने फवारणी केली होती काय, कोसळल्यावर पहिल्या दहा मिनिटांत आजूबाजूच्या लोकांनी काय केले, हे कोणी विचारत नाही. नशीब म्हणून आपण हात जोडतो आणि घरी जातो. धक्का मनापासून हृदयापर्यंत ज्या वाटेने जातो, ती वाट आज माहीत आहे आणि तिच्यावर दोन-तीन ठिकाणी नाकेबंदी करता येते. आज मला तेवढेच सांगायचे आहे.

मी कृषिविद्या शिकवणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. औषधोपचार डॉक्टरांनीच सांगावेत. पण फवारणीचे औषध, हंगामाचे नियोजन आणि त्यातून येणारा ताण हा आमच्याही विषयाचा भाग आहे. २०१७ साली आपल्या जिल्ह्याने जे भोगले, त्यानंतर तर कृषी शिक्षकाने हा विषय टाळू नये असे मला वाटते.

हृदयाला स्वतःची लय असते

हृदय हा स्नायूंचा पंप आहे. त्याच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो ठरावीक वेळाने विजेचा बारीक झटका निर्माण करतो. हा झटका हृदयभर पसरतो, स्नायू आकुंचन पावतो आणि एक ठोका पडतो. ही लय हृदयाची स्वतःची आहे. शरीरातून बाहेर काढलेले बेडकाचे हृदयही योग्य द्रावणात ठेवले तर काही काळ धडधडत राहते.

मग मेंदूचे काम काय? मेंदू ही लय कमी-जास्त करतो. त्यासाठी मेंदूकडून हृदयाकडे दोन प्रकारचे मज्जातंतू येतात. बंडी हाकताना आपल्या एका हातात कासरा असतो आणि दुसऱ्या हातात तुतारी. बैल चालतात स्वतःच्या पायांनी, पण कासरा ओढला की हळू होतात आणि तुतारी टोचली की धावतात. हृदयाचेही तसेच आहे. व्हेगस नावाचा मज्जातंतू हा कासरा आहे. तो ठोके कमी करतो. दुसरी मज्जासंस्था, जिला सिंपथेटिक म्हणतात, ती तुतारी आहे. ती ठोके वाढवते. दोन्ही काढून घेतले तर तरुण माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे शंभर ठोके देईल. शांत बसलेल्या माणसाची नाडी सत्तर-पंच्याहत्तर लागते, याचा अर्थ कासरा सतत थोडा ओढलेलाच असतो.

याचा अनुभव आपण इथेच घेऊ. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटे ठेवा. नाडी लागली? आता सावकाश खोल श्वास घ्या आणि त्याहूनही सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, सोडताना लांबतात. तरुणांना हा फरक चटकन कळेल, वयस्कांना कमी कळेल. आपण हृदयाला काही सांगितले नाही, फक्त श्वास बदलला, आणि मेंदूने कासरा सैल केला, पुन्हा ओढला. मन, श्वास आणि ठोका एकाच दावणीला बांधलेले आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

दोन बिघाड, दोन नावे

आपण सरसकट 'अटॅक आला' म्हणतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीवरच्या पंपाचे उदाहरण घेऊ. पाइप चोक झाला तर मोटार चालू असते, पण पाणी पोचत नाही. हृदयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी अशी चोंदली की त्याला हृदयविकाराचा झटका म्हणतात. छातीवर दडपण येते, हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ जाते, घाम फुटतो, मळमळते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो आणि दवाखान्यात पोचायला थोडा वेळ मिळतो.

दुसरा बिघाड विजेचा. पाइप मोकळा असला तरी विजेचा फेज बिघडला की मोटार नुसती गुरगुरते आणि पाणी येत नाही. हृदयातली वीज अशी विस्कळीत झाली की स्नायू एकसाथ आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. रक्त पुढे जात नाही. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. याला हृदयक्रिया अचानक बंद पडणे म्हणतात, आणि 'बसल्या जागी गेला' असे आपण म्हणतो ते पुष्कळदा हेच असते. दोन्ही बिघाडांचे नाते आहे. चोंदलेल्या रक्तवाहिनीमुळे स्नायू उपाशी राहतो आणि उपाशी स्नायूची वीज लवकर बिघडते. म्हणून पहिला बिघाड पुष्कळदा दुसऱ्याला बोलावून आणतो.

धक्का बसतो तेव्हा शरीरात काय घडते

भीती, राग किंवा आकस्मिक दुःख यांची नोंद मेंदूच्या आतल्या भागात होते. तिथून तुतारीच्या मज्जातंतूंना हुकूम सुटतो. त्याच वेळी मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात येते. नाडी धावते, रक्तदाब चढतो, तोंडाला कोरड पडते. ही व्यवस्था मुळात आपल्या भल्याची आहे. समोर रानडुक्कर आले तर पळायला किंवा लढायला बळ मिळावे म्हणून ती आहे.

निरोगी हृदय हे सहन करते. अडचण येते ती आधीच दुखावलेल्या हृदयाची. जुन्या झटक्याने स्नायूवर डाग पडलेला असेल, रक्तदाबाने स्नायू जाड झाला असेल, रक्तवाहिनी अरुंद झाली असेल, तर तुतारी लागल्यावर हृदयाचा एक भाग पुढे पळतो आणि दुसरा मागे राहतो. जोडीतला एक बैल उधळला आणि दुसरा थकलेला असला की बंडी उलटते, तसा हा प्रकार आहे. शिवाय पिकाला आपण देतो तो पालाश, म्हणजे पोटॅशियम, आपल्या रक्तातही असतो आणि हृदयाच्या विजेला तो योग्य प्रमाणात लागतो. ॲड्रेनॅलिन वाढले की रक्तातला पालाश काही काळ पेशींत शिरतो आणि रक्तातले प्रमाण उतरते. उलट्या, जुलाब झालेले असतील तर ते आणखी खाली जाते. यावर स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. रक्तात पालाश जास्त झाला तरीही हृदय बंद पडू शकते.

तीव्र मानसिक आघाताने हृदयाचा स्नायूच काही दिवस ढिला पडतो, असाही एक आजार आहे. तो १९९० साली जपानी डॉक्टरांनी वर्णन केला. हृदयाचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून त्या मडक्याचे 'ताकोत्सुबो' हे नाव त्याला पडले. तो मुख्यतः पाळी गेलेल्या वयाच्या स्त्रियांत दिसतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणून घरात मृत्यू झाल्यावर एखादी बाई छाती धरून बसली तर 'दुःखाने होते आहे' म्हणून तिला तसेच बसवून ठेवू नये. तिलाही दवाखान्यात नेऊन ईसीजी काढावा.

भूकंपाने दिलेला दाखला

हे सगळे तर्काने सांगता येते, पण पुरावा काय? १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे मोठा भूकंप झाला. तेथील डॉक्टरांनी नंतर मृत्यूच्या नोंदी तपासल्या. आधीच्या आठवड्यात हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू दिवसाला सरासरी ४.६ होते. भूकंपाच्या एका दिवशी ते २४ झाले. त्यातल्या फारच थोड्या लोकांनी धावपळ किंवा अंगमेहनत केली होती. बाकीच्यांना भीतीच पुरली.

पुढचा आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. नंतरच्या सहा दिवसांत असे मृत्यू नेहमीपेक्षाही कमी झाले, दिवसाला सरासरी २.७. याचा अर्थ असा की भूकंपाने ज्यांना नेले, त्यांची हृदये पुष्कळशी आधीच दुखावलेली होती. धक्का हे निमित्त होते. भूकंप कोणाला टाळता येत नाही, पण दुखावलेले हृदय आधी ओळखता येते. हाय खाल्लेल्या माणसाबद्दलही आपण असाच विचार करायला हवा.

आपल्या जिल्ह्यातला रोजचा ताण

भूकंपासारखा एक मोठा धक्का असतो, तसा रोजचा बारीक ताणही असतो. आपल्याकडे त्याचे वेळापत्रक ठरलेले आहे. जूनमध्ये पाऊस येतो की नाही, ही काळजी. जुलैत उगवण विरळ झाली तर दुबार पेरणी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मावा, तुडतुडे, बोंडअळी. दिवाळीला वेचणीच्या मजुरीची जुळवाजुळव, मग भावाची वाट आणि मार्चमध्ये कर्जाचा हप्ता. रब्बीत हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज रात्रीची असली तर रात्रभर जागायचे आणि दिवसा पुन्हा कामावर जायचे. पीक राखायला जागल असतेच. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव आणि पांढरकवडा भागातल्या लोकांनी वाघिणीच्या दहशतीत वावरात जाणे काय असते, तेही अनुभवले.

अशा ताणात कासरा हळूहळू सुटतो आणि तुतारी कायम टोचत राहते. नाडी व रक्तदाब चढलेले राहतात, झोप मोडते. मग झोपेसाठी दारू आणि जागे राहायला खर्रा, हे चक्र सुरू होते. खर्ऱ्यातल्या तंबाखूत निकोटिन असते आणि निकोटिन ही तुतारीच आहे. प्रत्येक पुडीगणिक नाडी वाढते. दारूचा भर उतरताना ठोके अनियमित पडतात, हेही डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, पहिल्या झटक्याची कारणे तपासली गेली. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी यांच्याबरोबर मानसिक ताण हेही एक प्रमुख कारण निघाले. त्याच अभ्यासात असेही आढळले की भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो. म्हणजे आपल्या घरचा कर्ता माणूस सहा वर्षे लवकर धोक्यात येतो, नेमका मुलींची लग्ने आणि मुलांची शिक्षणे चालू असतात त्या वयात.

बेडकाचे हृदय आणि आपला फवारणी पंप

आता आपल्या कामाच्या मुद्द्याकडे येतो. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरात ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदये द्रावणात ठेवली. पहिल्याचा व्हेगस मज्जातंतू त्याने विजेने डिवचला. ते हृदय मंद झाले. मग त्याच्याभोवतीचे द्रावण काढून त्याने दुसऱ्या हृदयावर टाकले. त्या हृदयाला कोणी हात लावला नव्हता, तरी तेही मंद झाले. यावरून कळले की कासरा ओढला जातो तेव्हा एक रसायन सुटते. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या संशोधनासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीर हे रसायन वापरून झाल्यावर लगेच मोडून टाकते. त्यासाठी एक विकर असते. ते नसेल तर कासरा ओढलेलाच राहील. त्याच १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ नवी कीटकनाशके शोधत होता. त्याच्या हाती जे पदार्थ लागले ते नेमके या विकराला बंद पाडणारे होते. त्यातला एक पदार्थ इतका जहाल निघाला की तो युद्धातला विषारी वायू ठरला. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली नावे आपल्याला पाठ आहेत. ती याच कुळातली. अळीच्या मज्जातंतूंवर ती जे करतात तेच माणसाच्या मज्जातंतूंवर करतात, फक्त मात्रेचा फरक.

हे विष त्वचेतून, श्वासातून किंवा तोंडातून अंगात गेले की ॲसिटिलकोलीन साचत जाते. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, दरदरून घाम येतो, उलट्या-जुलाब होतात, स्नायू फडफडतात, छातीत घरघर लागते. बहुतेक मृत्यू श्वास बंद पडून होतात. परंतु हृदयाची लयही बिघडते. कधी सुरुवातीला नाडी धावते, कधी फार मंदावते. काही रुग्णांत प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची वीज पुन्हा भरायला लागणारा वेळ लांबतो आणि त्यातून जीवघेणी थरथर सुरू होऊ शकते. ती काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही येते. म्हणून 'आता बरे वाटते, सुट्टी द्या' असा आग्रह रुग्णाने किंवा नातेवाइकांनी धरू नये.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात दाखल करावे लागले आणि यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णांनी भरले. त्या वर्षी पऱ्हाटी काही ठिकाणी डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा थेट चेहऱ्यावर येत होता. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र मिसळली गेली. जोरदार फवारा सोडणारे बॅटरीचे पंप होते आणि अंगात साधा सदरा. सगळ्यांना एकाच गटाच्या औषधाची बाधा झाली होती असेही नाही. त्यानंतर राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि यवतमाळसह पश्चिम विदर्भाच्या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली.

यात मनाच्या ताणाचा भाग कुठे येतो, ते पाहा. पीक हातचे जाईल या भीतीनेच माणूस शिफारशीपेक्षा जास्त औषध घालतो, भर उन्हात फवारतो, मळमळले तरी 'एवढी तास पूर्ण करू' म्हणतो. भीती हृदयाला थेट तुतारी लावते आणि तीच भीती त्याला विषाच्या टाकीपाशीही नेते. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात.

आधीची तयारी

१. तीस वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. पेरणीच्या आधी, मे महिन्यात, बियाण्याची उगवणशक्ती तपासतो त्याच सुमारास स्वतःचीही तपासणी करावी. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये.

२. चालताना छाती भरून येणे, कारण नसताना चक्कर येऊन पडणे, ठोके अनियमित जाणवणे, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर ईसीजी काढून घ्यावा.

३. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल पुरेशी गेल्याशिवाय कोरडवाहू कपाशी पेरू नये. दुबार पेरणीचा खर्च आणि धसका, दोन्ही वाचतात. कपाशीत तुरीचे आंतरपीक घ्यावे, म्हणजे सगळी आशा एका पिकावर राहत नाही.

४. फवारणी दिनदर्शिका पाहून नव्हे, किडीची पातळी पाहून करावी. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग दिसले तरच उपाय करावा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. नत्राचा अतिरेक टाळला तर पऱ्हाटी डोक्यावर जात नाही आणि फवारा तोंडावर येत नाही. फरदड घेऊ नये. प्रत्येक टळलेली फवारणी म्हणजे वाचलेला पैसा आणि टळलेले विष.

५. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि हिरवा. आपल्या मनाने औषधे मिसळू नयेत. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा व मास्क वापरावा. वाऱ्याच्या दिशेने, सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे. उपाशीपोटी फवारू नये.

६. फवारणी चालू असताना खर्रा खाऊ नये. औषधाच्या हाताने घोटलेला खर्रा विष थेट तोंडात पोचवतो आणि निकोटिन हृदयाला वरून तुतारी लावते.

माणूस कोसळला तर

१. हलवून, हाक मारून पाहा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते अधूनमधून आचके देतो आहे, तर हृदय थांबले आहे असेच समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे.

२. एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा. गावाचे नाव, जवळची खूण आणि फवारणी केली होती का, हे सांगावे.

३. दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. माणसाला कठीण जमिनीवर उताणे झोपवा, खाटेवर नको. छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवा, कोपरे ताठ ठेवा आणि दोन इंच खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. थकलात तर दुसऱ्याने घ्यावे, पण थांबू नये. असा प्रत्येक मिनिट काही न करता गेला की वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. रुग्णवाहिका येईपर्यंत मेंदूला रक्त पोचवण्याचे काम तुमच्या हातांनीच होणार आहे.

४. तोंडात पाणी ओतू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्यात ती दहा मिनिटे घालवू नयेत.

५. फवारणीची विषबाधा असेल तर माणसाला वावराच्या बाहेर मोकळ्या हवेत आणा. शक्यतो हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा. त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये. जबरदस्तीने उलटी करवू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल दवाखान्यात बरोबर न्यावे. उपचार त्यावर अवलंबून असतात. ऑर्गॅनोफॉस्फेट विषावर ॲट्रोपिन हे इंजेक्शन देतात. आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यातही हे द्रव्य असते. पण म्हणून धोतऱ्याचा रस पाजणे म्हणजे एका विषावर दुसरे विष. ते कदापि करू नये.

६. साप दिसला आणि माणूस गळाला तर 'भीतीने झाले' म्हणून घरी ठेवू नये. मण्यार चावल्याची खूण पुष्कळदा दिसतही नाही आणि दुखतही नाही.

मृत्यूनंतरही एक प्रश्न

हे सांगणे कठीण आहे, पण आवश्यक आहे. फवारणीच्या दिवशी किंवा त्यानंतर लगेच कोणी दगावले आणि आपण 'हाय खाल्ली, अटॅक आला' म्हणून अग्नी दिला, तर खरे कारण कायमचे जळते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा आणि सर्पदंश यांचा समावेश आहे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये साहाय्य मिळते. नैसर्गिक मृत्यू या योजनेत बसत नाही. म्हणून शंका असेल तिथे पोलिसांना कळवावे, शवविच्छेदन करून घ्यावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लवकरात लवकर अर्ज करावा. त्या बाईच्या आणि पोरांच्या पुढच्या वर्षाचा तो प्रश्न असतो.

मनाचे ओझे

शेवटचा मुद्दा मनाचा. 'ताण घेऊ नका' असे सांगणे सोपे आहे. कर्ज आणि पाऊस आपल्या हातात नसतो. पण ओझे एकट्याने वाहायचे की वाटून, हे काही प्रमाणात आपल्या हातात आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या लोकांपैकी अवघे ४.३ टक्के मदत घेत होते. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. लोक बोलायला तयार असतात, विचारणारा हवा असतो. शासनाने २०१५ साली आपल्या जिल्ह्यासह चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तो शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच. गावातली आशा ताई घरी विचारपूस करायला आली तर तिला खरे सांगावे. तिला परके मानू नये. मनात फार वाईट विचार येत असतील तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते.

रोजच्या रोज करण्यासारखे एवढेच: रात्रीचे ओलित दोन घरांनी पाळीपाळीने करावे, म्हणजे झोप मिळते. भांडण पेटले असता छातीत धडधड वाढली तर तिथून दहा पावले दूर जावे, खाली बसावे आणि मघाशी केले तसे दहा श्वास सावकाश सोडावेत. श्वास सोडताना कासरा आपल्या हातात येतो. आणि ज्याच्या घरी पीक बुडाले आहे, त्याच्याकडे संध्याकाळी कोणीतरी चहाला जाऊन बसावे.

या मेळाव्यातून गावी गेल्यावर प्रत्येक गावातल्या चार तरुणांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक शिकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर पीक सल्ल्याशेजारी १०८, १०४ आणि १४४१६ हे तीन क्रमांक लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी कोणी कोसळला तर 'हाय खाल्ली' हे शब्द तोंडातून येण्याआधी दोन हात त्याच्या छातीवर असावेत.

 आपल्या शंका आता विचाराव्यात.